विमानतळाची जमीन बिघडली की विमान का अडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवासी, विमानप्रेमी आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं एका वाक्यात संपतात, काहींना जागा लागते.

पेव्हमेंट म्हणजे धावपट्टीच ना?

धावपट्टी हा त्यातला एक भाग. विमानाची चाकं जिथे फिरतात किंवा थांबतात तो सगळा पक्का भाग पेव्हमेंटमध्ये येतो: धावपट्टी, तिला जोडणारे टॅक्सीवे, विमानं उभी राहतात ते एप्रन आणि टोकाला वळायला ठेवलेली रुंद जागा. बातमी होते ती धावपट्टीची. रोजचा खोळंबा मात्र बऱ्याचदा टॅक्सीवे नाहीतर एप्रनमुळे होतो.

सगळ्यात जास्त मार विमान टेकतं त्या जागेला बसत असणार?

वाटतं तसं, पण नाही. चाकं टेकतात तेव्हाही पंखांनी बराचसा भार तोलून धरलेला असतो. वाटेत इंधन जळाल्याने विमान हलकं झालेलं असतं आणि वेग इतका असतो की एकेका जागेवर चाक क्षणभरच राहतं. टेकण्याच्या पट्ट्यात रबर साचतं, पृष्ठभाग घासला जातो, पण खालच्या थरांना फारसा त्रास होत नाही.

खरा भार सोसतात ते उड्डाणाला निघालेल्या विमानांच्या वाटेवरचे टॅक्सीवे. टाक्या भरलेल्या, माणसं आणि सामान चढलेलं, आणि विमान रांगेत थोडं पुढे सरकतंय, ब्रेक लावतंय, पुन्हा सरकतंय. डांबराचा स्वभाव असा की झटकन येऊन गेलेला भार ते पेलतं, रेंगाळणाऱ्या भाराखाली मात्र हळूहळू सरकत जातं. त्यात प्रत्येक वैमानिक पुढचं चाक मधल्या पिवळ्या रेषेवर ठेवतो, त्यामुळे मुख्य चाकं रोज त्याच दोन पट्ट्यांवरून जातात. धावपट्टीच्या तोंडाशी, जिथे विमानं परवानगीची वाट बघत उभी असतात, तिथे या पट्ट्या आधी दबतात. मग त्या चरांत पाणी साचतं आणि पुढचं दुखणं सुरू होतं.

धावपट्टीच्या मधल्या भागावरून विमान वेगात आणि अर्धवट तरंगत जातं, म्हणून तो भाग टोकांपेक्षा कमी जाडीचा असला तरी निभावतं. विमानतळाची प्रकृती कशी आहे हे ओळखायचं असेल तर मी धावपट्टीआधी ही रांगेची जागा बघेन.

काही भाग डांबरी, काही काँक्रीटचा, असं का?

एप्रनवर विमान तासन्‌तास उभं असतं, इंधन भरताना थोडंफार सांडतं, हायड्रॉलिक तेल ठिबकतं. डांबर हे पेट्रोलियमचंच अपत्य, त्यामुळे विमानाचं इंधन त्याला विरघळवतं आणि खडी सुटी होते. म्हणून एप्रन बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा असतो. धावपट्टी आणि टॅक्सीवे डांबरी ठेवण्याचा मोठा फायदा म्हणजे रात्री काही तास काम करून सकाळी वाहतूक सुरू करता येते. काँक्रीटला पक्कं व्हायला वेळ लागतो. लवकर घट्ट होणारी मिश्रणं आहेत, पण ती महाग पडतात आणि काम नेमकं जमावं लागतं.

खड्डा पडतो कसा? एवढं जाड काँक्रीट फुटतं तरी कशामुळे?

भारामुळे, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे पाणी.

काँक्रीटचा टॅक्सीवे म्हणजे शेजारी शेजारी ओतलेले मोठे तुकडे आणि त्यांच्यामधले सांधे. सांध्यात रबरासारखा मसाला भरलेला असतो. उन्हापावसात तो कडक होतो, कडेने सुटतो, आणि केसाएवढी फट पडते. पावसाचं पाणी तिथून खाली उतरतं. आता विमानाचं चाक सांध्याच्या कडेवर आलं की तुकडा किंचित खाली जातो आणि खालचं पाणी पिचकारीसारखं फटीतून बाहेर उडतं. उडताना ते एकटं जात नाही, तळातली बारीक माती बरोबर घेऊन जातं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या गाळाचा मळकट डाग दिसला की जाणकार माणूस तिथेच उकिडवा बसतो, कारण त्या डागाएवढी माती खालून गेलेली असते. काही महिन्यांनी कोपऱ्याखाली पोकळी होते. त्यानंतर एखादं जड विमान गेलं की कोपरा तिरका तुटतो.

डांबरी भागात हेच जरा वेगळ्या वाटेने होतं. आधी बारीक भेग, मग भेगांची जाळी, मग जाळीतला एखादा तुकडा उखडतो. थंड प्रदेशात भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि वितळताना खालची जमीन भिजवून मऊ करतं. तिथे हिवाळा संपतानाचे आठवडे सगळ्यात वाईट.

म्हणून भेग वेळेवर भरणं हे यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे आणि टाळलंही तेच सर्वाधिक जातं. त्याचं उद्घाटन करता येत नाही.

उन्हात डांबर मऊ पडून विमान रुततं, हे खरं की गप्पा?

खरं आहे. ६ जुलै २०१२ रोजी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर ५० आसनी छोट्या जेटची चाकं उभ्या जागी डांबरात रुतली. तापमान सुमारे ३८ अंश सेल्सियस होतं. नेहमीच्या टगने, म्हणजे विमान ओढणाऱ्या गाडीने, ते हलेना. शेवटी प्रवासी उतरवून मोठं ओढवाहन आणावं लागलं. विमान छोटं होतं हे लक्षात घ्या. छोट्या जेटची चाकंही छोटी असतात आणि विमान थांबलेलं असलं की सगळं वजन तेवढ्याच ठिपक्यावर बसून राहतं.

१८ जुलै २०२२ रोजी लंडनजवळच्या लूटन विमानतळावर उष्णतेच्या लाटेत धावपट्टीच्या पृष्ठभागाचा छोटा भाग वर आला आणि उड्डाणं थांबवून दुरुस्ती करावी लागली. उष्ण प्रदेशांतल्या धावपट्ट्या याहून जास्त तापमानात चालतात, त्यांना काही होत नाही, कारण तिथे डांबर त्या हवेला साजेसं निवडलेलं असतं. जे डांबर थंडीत तडकू नये म्हणून मऊ ठेवतात, ते विक्रमी उन्हाळ्यात अपुरं पडतं. हवामान बदलतंय म्हटल्यावर जुने ठोकताळे पुन्हा तपासावे लागणार, याला इलाज नाही.

अमुक विमान अमुक विमानतळावर चालेल की नाही, हे कसं ठरतं?

दोन आकडे असतात. विमान जमिनीवर किती ताण आणतं याचा एक आकडा, एसीआर. पेव्हमेंट किती ताण सोसतं याचा दुसरा, पीसीआर. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा नसला की विमान खुशाल येऊ शकतं. ही पद्धत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, म्हणजे इकाओची. आधी १९८० च्या दशकापासून एसीएन-पीसीएन पद्धत होती. २८ नोव्हेंबर २०२४ पासून नवी लागू झाली. जुने आकडे दोन अंकी नाहीतर शंभरच्या आसपास असायचे, नवे शेकड्यांत असतात. दोन्हींची तुलना करून ‘धावपट्टी दहापट मजबूत झाली’ म्हणणारे भेटतात. तसं काही झालेलं नाही, फक्त मोजमाप बदललं.

पीसीआरच्या आकड्यापुढे चार अक्षरं असतात. ७६०/एफ/बी/एक्स/टी असं लिहिलेलं असेल तर एफ म्हणजे लवचीक, अर्थात डांबरी (काँक्रीट असतं तर आर). बी म्हणजे खालची जमीन मध्यम बळकट. ही प्रतवारी ए ते डी अशी उतरत जाते. एक्स म्हणजे टायरमधला दाब १.७५ मेगापास्कलपर्यंत चालेल. टी म्हणजे हे सगळं तांत्रिक अभ्यास करून काढलंय. टीच्या जागी यू असेल तर ‘इतकी वर्षं अमुक विमानं येतात आणि काही बिघडलेलं नाही’ एवढ्या अनुभवावर आकडा दिलेला आहे.

म्हणजे जितकं मोठं विमान, तितकं जास्त नुकसान?

तसा थेट हिशेब नसतो. एकूण वजनाइतकंच ते किती चाकांवर वाटलंय हेही महत्त्वाचं. एअरबस ए-३८० चं वजन ५७५ टनांपर्यंत जातं, पण मुख्य चाकं २० आहेत. बोईंग ७७७-३०० ईआर सुमारे ३५१ टनांचं, मुख्य चाकं १२. वजनाचा साधारण ९५ टक्के भाग मुख्य चाकांवर येतो असं धरून गणित केलं तर दोघांच्याही एका चाकाखाली २७-२८ टन येतात. त्यातून ७७७ ची सहा-सहा चाकं जवळजवळ असल्यामुळे जमिनीच्या खोल थरांत त्यांचे ताण एकमेकांत मिसळतात. परिणामी कमकुवत जमिनीवर ७७७-३०० ईआरचा आकडा ए-३८० पेक्षा चढा निघतो.

मर्यादेपेक्षा जड विमान एकदाच आलं तर धावपट्टी मोडेल?

मोडणार नाही. अधूनमधून दहा टक्क्यांपर्यंतचा जादा भार चालवून घेता येतो, मात्र अशा फेऱ्या वर्षाच्या एकूण फेऱ्यांच्या पाच टक्क्यांच्या आसपासच असाव्यात, असं इकाओचं मार्गदर्शन आहे. पेव्हमेंटवर आधीच बिघाडाच्या खुणा असतील, बर्फ वितळत असेल किंवा खालची जमीन पाण्याने भिजलेली असेल, तर तेवढीही सूट घेऊ नये असं त्यातच म्हटलंय. एकेका फेरीचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ते साठत जातं. आयुष्य वीस वर्षांचं धरलेलं असतं आणि बाराव्या वर्षी जाळी दिसायला लागते.

वळणावर टॅक्सीवे जास्त का उखडतो?

चार-सहा चाकांचा संच वळताना सगळी चाकं एकाच वर्तुळावर फिरू शकत नाहीत. काही चाकं आडवी फरपटतात. त्या फरपटीने वरचा थर खालच्या थरापासून सुटतो आणि डांबरावर चंद्रकोरीसारख्या भेगा उमटतात. थर टाकताना मधला चिकट डांबराचा हात नीट मारला नसेल तर हे फार लवकर होतं. ७७७ चा मागचा आस (ॲक्सल) आणि बोईंग ७४७ च्या पोटाखालच्या चाकांचे संच थोडे वळतात, ते हाच घास कमी करण्यासाठी. वैमानिकही वळताना वेग दहा नॉटच्या (ताशी साधारण १८-१९ किलोमीटर) आसपास आणतात आणि एका बाजूची चाकं ब्रेकने जखडून जागच्या जागी फिरणं टाळतात.

धावपट्टीवरचे काळे पट्टे घाण असते का?

रबर असतं. टेकायच्या क्षणी चाक फिरत नसतं, ते एकदम वेगात येताना रबराचा थर मागे राहतो. तो खरखरीत पृष्ठभाग बुजवतो आणि पावसात पकड घसरते. अतिशय दाबाच्या पाण्याने किंवा रसायनाने तो काढतात. पाण्याचा दाब वाजवीपेक्षा जास्त ठेवला तर रबराबरोबर डांबरही निघून येतं.

धावपट्टीवर आडव्या खोबण्या कशासाठी?

पाण्याला चाकाखालून निसटायला वाट मिळावी म्हणून. अमेरिकी प्रमाणानुसार खोबणी ६ मिलिमीटर रुंद, तेवढीच खोल आणि दर ३८ मिलिमीटरवर एक. धावपट्टीला दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का उतारही असतो.

पाणी साचलं की टायर त्यावर तरंगू लागतो आणि ब्रेकला अर्थ उरत नाही. तो वेग काढायचं जुनं सूत्र सोपं आहे: टायरमधला दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर किती पौंड) घ्या, त्याचं वर्गमूळ काढून नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये. दाब २०० असेल तर १२७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २३५ किलोमीटर. मोठी विमानं याच्या आसपासच्या किंवा याहून जास्त वेगाने टेकतात, तेव्हा हा प्रश्न कागदावरचा नाही.

इथे साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळाचं उदाहरण हमखास दिलं जातं. १७ जुलै २००७ रोजी तिथे ए-३२० ओल्या धावपट्टीवरून पलीकडे गेलं आणि १९९ जण मृत्युमुखी पडले. धावपट्टीचं नवं डांबरीकरण होऊन ती जूनअखेरीस खुली झाली होती, खोबण्या पाडायच्या राहिल्या होत्या. पण सगळा दोष धावपट्टीवर टाकणं चूक ठरेल. एका इंजिनाचा थ्रस्ट लिव्हर, म्हणजे जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे न येता पुढेच राहिला होता, हे तपासात ठळकपणे समोर आलं. खोबण्या नसल्याने चुकीला उरलेली जागा आणखी कमी झाली, एवढंच म्हणता येईल.

धावपट्टी किती निसरडी आहे हे वैमानिकाला कळतं कसं?

४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर एकच पद्धत आहे. धावपट्टीचे तीन समान भाग करतात आणि प्रत्येकाला ० ते ६ मधला अंक देतात. ६ म्हणजे कोरडी, ५ म्हणजे ओली पण पाणी ३ मिलिमीटरच्या आत, त्याहून जास्त पाणी साचलं तर २, आणि पाणी गोठून झालेल्या ओल्या बर्फाला ०. ‘५/५/२’ ऐकलं की शेवटच्या तिसऱ्या भागात पाणी आहे हे कळतं. नेमका तिथेच विमानाला थांबायचं असतं.

एवढीशी खडी विमानाचं काय बिघडवणार?

जेट इंजिन जमिनीजवळ जोरात चालू असताना त्याच्या तोंडाखाली हवेचा छोटा भोवरा तयार होतो. तो सुटी खडी उचलून आत ओढतो आणि पंख्याच्या पात्यांना खाचा पडतात. चाकाने उडवलेले दगड फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आणि पोटाच्या पत्र्यावर आदळतात, टायरला चीर जाते ती वेगळीच. उखडलेला प्रत्येक तुकडा दोनदा त्रास देतो, खड्डा म्हणून आणि खडी म्हणून. पेव्हमेंटमध्ये बसवलेल्या दिव्यांभोवतीची जागा विशेष नाजूक. तिथलं काँक्रीट कडेने फुटतं आणि सैल झालेले बोल्टही सापडतात.

कॅनडाच्या उत्तरेत खडीच्या धावपट्ट्या आहेत. तिथे जुनी ७३७-२०० चालत, पण पुढच्या चाकामागे दगड अडवणारी फळी आणि इंजिनाखालचा भोवरा मोडणारी हवेची नळी बसवूनच.

उड्डाणाच्या वेळी फार धडधड झाली तर धावपट्टी खराब समजायची का?

असेलही. नव्या पृष्ठभागावर तीन मीटरची सरळ पट्टी कुठेही ठेवली तरी खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये, अशी अपेक्षा असते. पण विमानाला जास्त त्रास देतो तो लांबट चढ-उतार, जो पट्टीत सापडत नाही आणि मोटारीतून गेलं तर जाणवतही नाही. लांब विमान वेगात त्यावरून गेलं की पुढचं टोक वरखाली हलू लागतं आणि कॉकपिटमधली उपकरणं वाचणं अवघड होतं. बोईंगने उंचवट्याची लांबी आणि उंची यांचा तक्ता केलेला आहे. त्यात उंचवटा चालेल, जास्त आहे की अजिबात चालणार नाही, हे बघता येतं.

जमीनच खचत असेल तर?

सगळीकडे सारखी खचली तर वाहतुकीला फारसा फरक पडत नाही. घोळ होतो तो कमी-जास्त खचल्यावर. जपानचा कान्साई विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर १९९४ मध्ये सुरू झाला. भराव पडल्यापासून ते बेट दहा मीटरपेक्षा जास्त खाली गेलं आहे. टर्मिनलच्या खांबांखाली जॅक लावून इमारत समतल ठेवता येते. टॅक्सीवेला तसं करता येत नाही, वर थर चढवत राहावं लागतं.

दुरुस्ती रात्रीच का? आणि महिनोन्‌महिने का चालते?

दिवसा धावपट्टी रिकामी मिळत नाही. रात्रीच्या पाच-सहा तासांत जुना थर खरवडायचा, झाडून काढायचा, नवा टाकायचा, दाबायचा, थंड होऊ द्यायचा, पट्टे रंगवायचे, शेवटी चालत जाऊन एकेक खडा वेचायचा आणि मगच धावपट्टी ताब्यात द्यायची. अवजड यंत्रं येण्या-जाण्यातच पाऊण तास जातो.

रोज सकाळी नव्या-जुन्या थरांमध्ये पायरी उरते, तिथे तात्पुरता उतार करावा लागतो. नवा थर पाच सेंटिमीटरपर्यंतचा असेल तर उतार अर्धा ते एक टक्का, त्याहून जाड असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आत, असा इकाओचा नियम आहे. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या पायरीला कमीत कमी पाच मीटर लांबीचा उतार. दुसऱ्या रात्री तो खरवडून पुढचं काम.

बंद भागात चुकून विमान शिरू शकतं?

शिरलेलं आहे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेईत वादळी पावसात एक ७४७-४०० शेजारच्या, काम चालू असलेल्या धावपट्टीवर वळलं, तिथूनच उड्डाण करू गेलं आणि यंत्रांवर आदळलं. ८३ जण दगावले. त्या धावपट्टीचा एक भाग टॅक्सीवे म्हणून वापरात होता, त्यामुळे ती पूर्ण बंद दिसतच नव्हती. काम चालू असल्याची सूचना नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनापत्रात असते, पण कागदावरच्या सूचनेपेक्षा समोर अडथळा, फुली आणि विझवलेले दिवे असणं कितीतरी मोलाचं. पन्नास ओळींच्या नोटॅममध्ये कामाची ती ओळ बत्तिसावी असते.

टॅक्सीवेचा एक तुकडा बंद झाला तर माझं विमान का रखडतं?

कारण सगळेच मार्ग सगळ्या विमानांना चालत नाहीत. पर्यायी टॅक्सीवे रुंद पंखांच्या विमानाला अरुंद असू शकतो किंवा त्याचा पीसीआर कमी असतो. मग विमानाला धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत जाऊन टोकाला वळावं लागतं आणि तेवढा वेळ कुणी उतरू शकत नाही. एप्रनची एक जागा खराब झाली तर तिथे पुशबॅक करणारा, म्हणजे विमान मागे ढकलणारा टग जोर लावूनही घसरतो, म्हणून ती जागा बंद करून विमान दूर उभं करतात आणि प्रवाशांसाठी बस मागवतात.

चाक पक्क्या भागावरून खाली उतरलं तर लगेच वर काढता येतं?

नाही. बाजूची माती ओली असेल तर चाक आसापर्यंत रुततं. इंजिनाच्या जोरावर बाहेर यायचा प्रयत्न केला तर माती इंजिनात जाते आणि पुढच्या चाकाचा दांडा वाकतो. आधी वजन उतरवतात, मग खाली लोखंडी प्लेटा किंवा खडी घालून सावकाश ओढतात. यात अर्धा दिवस सहज जातो.

तपासणी कशी होते?

दररोज गाडीतून फेरी, ठरावीक काळाने पायी पाहणी. प्रत्येक तुकड्यातल्या भेगा, चर, तुटके कोपरे मोजून ० ते १०० मध्ये गुण देतात. हा पीसीआय, वरच्या पीसीआरशी त्याचा गोंधळ करू नका. पीसीआय पृष्ठभागाची अवस्था सांगतो, ताकद नाही. ताकदीसाठी ठरावीक वजन पेव्हमेंटवर टाकून ते किती दबतं हे संवेदकांनी मोजतात. खालची पोकळी शोधायला जमिनीत शिरणारं रडार वापरतात. मात्र सांध्यावरचा मळकट डाग अजून माणूसच आधी बघतो.

खिडकीतून टॅक्सीवेवर काळ्या वेड्यावाकड्या रेषा दिसल्या. घाबरायचं का?

नाही. त्या भरलेल्या भेगा आहेत, म्हणजे कुणीतरी लक्ष देतंय. सुटा तुकडा, धातूची वस्तू किंवा उखडलेली खडी दिसली तर लगेच केबिन कर्मचाऱ्यांना सांगा. ते कॉकपिटला कळवतात, तिथून नियंत्रण कक्षाला कळतं आणि तपासणीची गाडी येते.